पंडिता रमाबाईंची शिदोरी

दूरच्या प्रवासास निघालेल्या माणसास शिदोरी बांधून देण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. भाकरी, चटणी व कांदा यांची शिदोरी दोन दिवसांत सरते. विद्येची शिदोरी मात्र जन्मभर पुरते आणि वांटली तर वाढते. ज्या बाईंचें चरित्र आम्ही यंदां आमच्या शाळेंतील मुलामुलींपुढें व त्यांच्या मातापितरांपुढें ठेवीत आहों, त्यांच्या आयुष्याचीं पहिलीं तीस वर्षें बहुतेक प्रवासांतच गेलीं. त्या अनवाणी पायांनीं हिंदुस्थान हिंडल्या. आगबोटीनें विलायतेस व अमेरिकेस गेल्या. जपान पाहून स्वदेशीं परतल्या. त्या पत्नी झाल्या, माता झाल्या, शिक्षिका, ग्रंथकर्त्री आणि एका मोठ्या संस्थेच्या चालक झाल्या. पंडिता रमाबाई हें नांव सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु ही शिदोरी त्यांच्या पदरीं कोणीं बांधिली, वाटेंत तिच्यापायीं काय काय सोसावें लागलें, आणि शेवटीं ती कोणाच्या हातीं पडली, हें क्रमानें पाहण्यासारखें आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण असून मोठे विद्वान होते. तरुणपणीं ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशीं संस्कृत शिकत असत. साठेशास्त्री पेशव्यांच्या वाड्यांत एका राजस्त्रीस संस्कृत शिकवीत. गुरूंबरोबर तेथें गेलेल्या अनंतशास्त्र्यांच्या कानांवर एका स्त्रीच्या मुखांतून शुद्ध श्लोक पडले, तेव्हां ते चकित झाले. आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावें असें त्यांनीं मनांत धरिलें. पहिल्या पत्नीच्या वेळीं घरच्या वडीलधाऱ्यांनीं तो बेत हाणून पाडला. पुढें ती वारल्यावर, तीर्थयात्रेंत असतां, त्यांनीं नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशीं दुसरें लग्न केलें. वर चाळिशी उलटलेला व वधू नऊ वर्षांची, हें वाचून आज कोणाही आईबापांस वाईट वाटेल, व तसें वाटणें योग्यच आहे. पण त्या काळच्या रीतीप्रमाणें झालेल्या ह्या लग्नांत एक गोष्ट रीतीविरुद्ध घडली. नवऱ्यानें बायकोस संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. घरांतील विरोध चुकविण्यासाठीं ते तुंगा व भद्रा ह्या नद्यांच्या उगमाजवळ, गंगामूळच्या रानांत, झोंपडी बांधून राहिले. तेथेंही लोकांनीं गवगवा केलाच. उडुपीस पंडितांच्या सभेपुढें शास्त्रीबोवांस जाब द्यावा लागला. स्त्रीनें संस्कृत काव्यें व पुराणें शिकण्यास शास्त्राची मनाई नाहीं, असें त्यांनीं ग्रंथाधारें दाखवून दिलें, आणि बायकोचा पाठ पुढें चालू ठेविला.

त्याच रानांत ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. आल्यागेल्याचा पाहुणचार व विद्यार्थ्यांचें पोषण यांत शास्त्रीबोवांचा पैसा सरला होता, म्हणून मूल सहा महिन्यांचें असतांनाच कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेस निघालें. तान्ह्या रमेस वेताच्या पेटाऱ्यांत घालून गड्याच्या डोक्यावरून डोंगराखालीं उतरविण्यांत आलें. तेव्हांपासून त्या कुटुंबास घर असें राहिलें नाहीं. एका क्षेत्रीं कांहीं महिने राहावें, देवळांत पुराण सांगावें, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करावी आणि पुढची वाट धरावी, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. वडील वृद्ध झाले होते, म्हणून मुलीस शिकविण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं आपल्याकडे घेतलें. दिवसभर चालणें व स्वयंपाकपाणी यांतून त्यांस उसंत मिळत नसे. तेव्हां पहांटे, पांखरें जागीं होण्याच्या वेळीं, त्या मुलीस उठवून जवळ घेत व श्लोक म्हणावयास लावीत. अशा रीतीनें, कोणत्याही शाळेची पायरी न चढतां, भागवताचे हजारो श्लोक मुलीस मुखोद्गत झाले. थोरल्या मुलीचें लग्न बालपणीं करून दिल्यामुळें तिचे हाल झाले होते. तें पाहून शास्त्रीबोवांनीं धाकटीच्या लग्नाची घाई केली नाहीं. लोकनिंदेच्या त्या काळीं हा निश्चय लहानसहान नव्हता.

इ. स. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. ह्या कुटुंबास अंगमेहनतीच्या कामाची संवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटे. होतें नव्हतें तें सारें विकून झालें, मग रानांतील पाल्यावर व फळांवर दिवस काढण्याची पाळी आली. प्रथम वडील गेले. थोड्याच काळांत आई गेली. पुढें थोरली बहीणही गेली. लक्ष्मीबाईंच्या प्रेतास खांदा देण्यास माणसें मिळेनात. दोन ब्राह्मण दया येऊन पुढें आले, थोरला भाऊ श्रीनिवास तिसरा झाला, पण चौथा कोणी येईना. तेव्हां सोळा वर्षांच्या रमाबाईंनीं तिरडीची चौथी बाजू उचलली. उंची कमी असल्यामुळें खांदा पुरेना, म्हणून ती त्यांनीं डोक्यावर घेतली. स्मशान सुमारें तीन मैल दूर होतें. जिनें पहांटे उठवून श्लोक शिकविले, त्या आईस ह्या मुलीनें अशा रीतीनें पोहोंचविलें.

मागें राहिलीं तीं दोघें भावंडें. त्यांनीं हिंदुस्थानांत हजारो मैल पायपीट केली. दक्षिणेपासून काश्मीरापर्यंत व तेथून बंगालपर्यंत तीं चालत गेलीं. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं थंडी सोसवेना, अंगावर पुरेसें पांघरूण नव्हतें. तेव्हां वाळूंत खड्डे खणून व अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनीं रात्री काढल्या. इ. स. १८७८ मध्यें तीं कलकत्त्यास पोहोंचलीं. एक वीस वर्षांची अविवाहित मुलगी भागवत मुखोद्गत म्हणते व संस्कृतांत भाषण करते, ही वार्ता शहरभर पसरली. पंडितांनीं सभा भरवून परीक्षा घेतली, आणि त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या अर्पण केल्या. घर नाहीं, द्रव्य नाहीं, आईबाप नाहींत, अशा मुलीस हा मान मिळाला तो पहांटेच्या त्या धड्यांमुळेंच. पुढें दोघेंही स्त्रीशिक्षणावर व्याख्यानें देत बंगाल व आसामांत हिंडूं लागलीं. परंतु इ. स. १८८० च्या मे महिन्यांत ढाक्यास श्रीनिवासशास्त्रीही वारले.

त्याच वर्षीं ता. १३ जून रोजीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. वराची जात निराळी, भाषा निराळी, प्रांतही निराळा. दोन्ही बाजूंच्या लोकांनीं ह्या जोडप्यास वाळींत टाकल्यासारखें केलें. दोघांनीं आसामांत सिलचर येथें संसार मांडला. रमाबाईंच्या आयुष्यांतील हें पहिलें स्वतःचें घर. ता. १६ एप्रिल १८८१ रोजीं त्यांस कन्या झाली. तिचें नांव त्यांनीं मनोरमा ठेविलें. पतिपत्नी मिळून बालविधवांसाठीं शाळा काढण्याचा विचार करूं लागलीं. पण ता. ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं पटकीनें बिपिनबाबूंचा अंत झाला. संसारास पुरीं दोन वर्षेंही झालीं नव्हतीं, आणि मनोरमा दहा महिन्यांचीही नव्हती. ज्या दुर्दैवी स्त्रियांसाठीं शाळा काढावयाची होती, त्यांच्यांतच आतां रमाबाई स्वतः जाऊन बसल्या.

दुसरी एखादी खचली असती. रमाबाई लेकरास कडेवर घेऊन त्याच वर्षीं पुण्यास आल्या. न्यायमूर्ति रानडे, त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे व इतर सुधारक मंडळींनीं त्यांचें स्वागत केलें. त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला व स्त्रीधर्मनीति नांवाचें पुस्तक लिहिलें. शिक्षणाच्या चौकशीसाठीं सरकारनें नेमलेलें हंटर कमिशन पुण्यास आलें, तेव्हां त्यापुढें त्यांनीं साक्ष दिली. मुलींच्या शाळांस स्त्री-शिक्षिका व स्त्री-तपासनीस हव्यात, आणि स्त्रियांस वैद्यकीचें शिक्षण मिळालें पाहिजे, असें त्यांनीं स्पष्ट मागितलें. आपणही वैद्यकी शिकावी हा हेतु धरून इ. स. १८८३ मध्यें त्या इंग्लंडास निघाल्या. त्या प्रवासाचा खर्च मुख्यतः स्त्रीधर्मनीतीच्या विक्रीवर भागला. आईनें बांधिलेल्या शिदोरीनेंच त्यांस समुद्रापार नेलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. मनोरमा त्या वेळीं दोन वर्षांची होती.

इंग्लंडांत वाँटेज येथें सेंट मेरी मठाच्या भगिनींनीं त्यांस आश्रय दिला. ह्या भगिनींचें काम रमाबाईंनीं पुण्यासच पाहिलें होतें. लंडनजवळ ह्याच भगिनींनीं चालविलेल्या एका आश्रमांत, समाजानें टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा मायेनें होत असलेली त्यांनीं पाहिली. आणि पतितांस जवळ करणाऱ्या येशू ख्रिस्ताकडे त्यांचें मन ओढलें गेलें. ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं कन्येसह बाप्तिस्मा घेतला. स्वदेशांत ह्यामुळें पुष्कळांस दुःख झालें व राग आला. आमची शाळा मिशनची असली तरी येथें एक गोष्ट सांगावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं. रमाबाईंनीं धर्म स्वीकारला, पण आपली बुद्धि कोणाच्या स्वाधीन केली नाहीं. पुढें चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत त्या संस्कृत शिकवूं लागल्या व स्वतः इंग्रजी, गणित, शास्त्र हे विषय शिकूं लागल्या. तेथें त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवूं नये, असें कांहीं बिशपांचें मत पडलें. स्वदेशांत शेंकडों पुरुषांपुढें ज्यांनीं व्याख्यानें दिलीं होतीं, त्या रमाबाईंस हें मान्य झालें नाहीं, आणि त्यांनीं तसें स्पष्ट कळविलें. कानांनीं कमी ऐकूं येऊं लागल्यामुळें वैद्यकीचा बेत मात्र सोडावा लागला. अध्यापन हाच त्यांचा व्यवसाय ठरला.

इ. स. १८८६ च्या आरंभीं त्या अमेरिकेस गेल्या. त्यांच्या नात्यांतील आनंदीबाई जोशी ह्यांस ता. ११ मार्च रोजीं फिलाडेल्फिया येथें वैद्यकीची पदवी मिळावयाची होती. त्या समारंभासाठीं गेलेल्या रमाबाई तेथें जवळजवळ तीन वर्षें राहिल्या. बालोद्यान पद्धतीचें शिक्षण त्यांनीं शिकून घेतलें, गांवोगांव व्याख्यानें दिलीं, आणि उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर इ. स. १८८७ मध्यें इंग्रजीत पुस्तक लिहून प्रसिद्ध केलें. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन झालें, व त्यानें बालविधवांच्या शाळेस दहा वर्षें मदत देण्याचें पत्करिलें.

ह्या यशाची दुसरी बाजू आमच्या मातृवाचकांनीं पाहावी. मनोरमेस पांचवें वर्षही पुरें झालें नव्हतें, तेव्हांपासून आई गांवोगांव हिंडत होती. अशा स्थितींत मुलीस वाँटेजच्या भगिनींकडे परत पाठविण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. मध्यें अटलांटिक महासागर, आणि भेट ती पत्रांतून. मुलीचें संगोपन कोणत्या वळणानें व्हावें ह्याविषयीं भगिनींचा व रमाबाईंचा मतभेदही झाला. कारण आपली मुलगी स्वदेशास परकी होऊं नये, अशी रमाबाईंची तळमळ होती. ज्या आईनें दुसऱ्यांच्या मुलींसाठीं घर बांधावयास घेतलें, तिच्या स्वतःच्या मुलीचें बालपण असें परघरीं गेलें. रमाबाईंनीं त्या काळांत केलेल्या कामाचें मोल लावतांना हेंही हिशेबांत धरिलें पाहिजे.

जपान व हाँगकाँगच्या मार्गानें इ. स. १८८९ च्या फेब्रुवारींत त्या मुंबईस उतरल्या. ता. ११ मार्च १८८९ रोजीं चौपाटीजवळ शारदासदन उघडलें. त्याच वर्षीं अमेरिकेंतील लोकस्थितीवर व आपल्या प्रवासावर त्यांचें मराठी पुस्तक निघालें, आणि वर्षाअखेर मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेस त्या प्रतिनिधि म्हणून हजर राहिल्या. अगदीं सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. तिचाच पुढें इ. स. १८९३ मध्यें धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला. कर्व्यांनीं स्त्रीशिक्षणासाठीं जें केलें तें सर्वांस विदित आहेच. त्या कार्याच्या गृहिणीस पहिलें अक्षर शारदासदनांत मिळालें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

शाळा पुण्यास आणल्यावर मात्र वादळ उठलें. कोणाच्याही धर्माचारास बाध आणावयाचा नाहीं, असा शाळेचा नियम होता. परंतु रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेस कांहीं मुली आपण होऊन बसूं लागल्या. त्यांस बाहेर घालविणें रमाबाईंस पटेना, आणि पालकांस व सल्लागार मंडळास हें विश्वासास धरून वाटेना. इ. स. १८९३ मध्यें रानडे, भांडारकर यांसारख्या थोर मंडळींनीं राजीनामे दिले. पुष्कळ मुली शाळेंतून काढून नेण्यांत आल्या. वर्तमानपत्रांनीं कडक टीका केली. दोन्ही पक्षीं प्रामाणिक माणसें होतीं. तथापि ह्या वादांत सर्वांत अधिक नुकसान झालें तें शिकावयास आलेल्या व अर्ध्या वाटेवरून परत गेलेल्या मुलींचें.

इ. स. १८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. ही वार्ता ऐकतांच रमाबाईंस आपले आईबाप आठवले. भुकेनें माणूस कसा मरतो हें त्यांस कोणीं सांगावयास नको होतें. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि निराधार मुली व बालविधवा यांस शेंकड्यांनीं घेऊन आल्या. पुण्यास तेव्हां प्लेगची धास्ती असल्यामुळें एवढ्या मुलींस शहरांत ठेवतां येईना. सुदैवानें पुण्याच्या पूर्वेस, दौंडच्या अलीकडे, केडगांव येथें त्यांनीं अगोदरच जमीन घेऊन ठेविली होती. अमेरिकेची मदत दहा वर्षांनीं संपली तर फळबागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, एवढाच त्यामागें हेतु होता. तेथें आतां झोंपड्या उठल्या, विहिरी खणल्या गेल्या, आणि त्यांतून मुक्तिसदन उभें राहिलें. इ. स. १९०० च्या सुमारास गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हां तिकडूनही मुली आणण्यांत आल्या, आणि सदनांतील माणसांची संख्या दीड हजारांवर गेली. शाळा, शेती, गाईम्हशी, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, असें एक गांवच तेथें वसलें. फसलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन निघालें. लंडनजवळ पाहिलेली ती दयाच अशा रीतीनें केडगांवच्या माळावर उतरली. जिला सहा महिन्यांची असतांना घर सोडावें लागलें, तिनें शेंकडों निराधारांस घर दिलें.

आणि मनोरमा? परघरीं वाढलेली ही मुलगी आईपासून दुरावली नाहीं. अमेरिकेंत शिक्षण घेऊन ती परत आली, मुंबई विद्यापीठाची बी. ए. झाली, शारदासदनाची मुख्य झाली, आणि अंध मुलींस बोटांनीं वाचावयाची ब्रेल लिपि शिकवूं लागली. निजामाच्या मुलखांत गुलबर्गा येथें तिनें मुलींच्या शाळेचें काम उभें केलें. आईनंतर सर्व भार हिच्यावरच पडावयाचा, असें सर्व जण धरून चालले होते. पण ता. २४ जुलै १९२१ रोजीं, चाळीस वर्षांची असतां, मनोरमेचें मिरज येथें देहावसान झालें. आईवडील, बहीण, भाऊ, पति यांस ज्यांनीं एकामागून एक पोहोंचविलें, त्या रमाबाईंस ह्या वयांत एकुलत्या एका मुलीचाही वियोग सोसावा लागला.

त्यांच्या हातीं एक काम राहिलें होतें. खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांस समजेल अशा सोप्या मराठींत संपूर्ण बायबल आणावें, यासाठीं उतारवयांत त्या हिब्रू व ग्रीक ह्या भाषा शिकल्या होत्या, आणि कित्येक वर्षें भाषांतर करीत होत्या. कन्येच्या मृत्यूनंतरही त्यांनीं तें काम सोडलें नाहीं. ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांव येथें त्यांनीं देह ठेविला. ज्या मुलींस दुष्काळांतून आणलें होतें, त्यांनींच ह्या छापखान्यांत खिळे जुळविण्याचें काम शिकून घेतलें होतें; तेथूनच इ. स. १९२४ मध्यें संपूर्ण ग्रंथ छापून निघाला. इ. स. १९८९ मध्यें भारत सरकारनें रमाबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलें. केडगांवचें मुक्तिसदनही बंद पडलें नाहीं. तेथें निराधार स्त्रिया व मुलें यांस आजही आसरा मिळतो.

विद्यार्थ्यांनो, रमाबाई सात समुद्रांपलीकडे गेल्या म्हणून थोर झाल्या असें समजूं नका. जेथें जेथें त्या गेल्या, तेथून त्यांनीं दुसऱ्यांच्या उपयोगाचें कांहीं तरी आणलें. तुमच्यापैकीं कोणी उद्यां दूर देशीं गेल्यास परत येतांना पेटींत काय भरावें, हें ह्यावरून ठरवितां येईल.

आणि पालकांस आमची एवढीच विनंति आहे. अनंतशास्त्र्यांजवळ मुलीस देण्यासारखें कांहींच नव्हतें. घर नव्हतें, शेत नव्हतें, दागिना नव्हता. त्यांनीं पत्नीस शिकविलें, पत्नीनें मुलीस शिकविलें, मुलीनें आपल्या मुलीस व हजारो परक्या मुलींस शिकविलें. आमच्या वर्गांतून दर वर्षीं कांहीं मुली नाहींशा होतात. कोणाचें लग्न ठरतें, कोणास धाकट्या भावंडांसाठीं घरीं ठेवितात, कोणाच्या घरीं फीची अडचण असते. फीची अडचण आम्हांस सांगावी, कांहीं तरी वाट काढतां येईल. परंतु मुलीचें नांव शाळेंतून काढण्यापूर्वीं एक रात्र थांबावें, आणि वाटेवरच्या अंधारांत मुलीस श्लोक शिकविणारी ती लक्ष्मीबाई आठवावी.